वेटसूट घालूनही थंडी वाजते? जाड सूट घेण्याआधी पाणी कुठून शिरतं ते शोधा

सर्फिंगला निघालात. पाणी १३ अंश सेल्सियस, अंगावर ४/३ चा वेटसूट, म्हणजे धडाला ४ आणि हातापायांना ३ मिलिमीटर जाडीचा, निओप्रीन या फेसाळ रबराचा, अंगाला बिलगणारा सूट. तापमान आणि जाडीचा कुठलाही तक्ता उघडून बघा, जोडी बरोबर आहे. तरीही पाण्यात उतरून पंचवीस मिनिटं होत नाहीत तोच कमरेच्या वरच्या खोलगट भागात गारवा साचायला लागतो. मग खांदे आखडतात, बोटं बधिर होतात, आणि समोर सुरेख लाटा येत असताना मन किनाऱ्याकडे धाव घेतं.

दर हंगामात हाच त्रास होणारे खूप सर्फर आहेत, आणि त्यातले बहुतेक एकच उपाय करतात: पुढचा सूट एक मिलिमीटर जाड घेतात. मीही तेच केलं होतं. ४/३ सोडून ५/४ घेतला, तोही एक साइज मोठा, आत थर्मल घालता यावं म्हणून. पहिल्याच डक डाइव्हला, म्हणजे येणाऱ्या लाटेखालून बोर्डसकट बुडी मारताना, मानेतून शिरलेलं पाणी पाठीच्या कण्यावरून थेट कमरेपर्यंत घरंगळलं. पुढचा तासभर प्रत्येक लाटेखाली तेच. जुन्या पातळ सूटमध्ये वाजायची त्याहून जास्त थंडी वाजली, शिवाय पॅडल करून, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारून, खांदे भरून आले ते वेगळंच.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे: थंडी वाजण्याचं कारण सूटची जाडी हे क्वचित असतं, बहुतेक वेळा कारण असतं सूटच्या आत चाललेली पाण्याची ये-जा. म्हणून पैसे खर्च करण्याआधी खालच्या गोष्टी तपासा.

सूट ऊब देतो कशाने?

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे. "सूटच्या आत पाण्याचा पातळ थर जातो, अंगाच्या उष्णतेने तो तापतो आणि तोच आपल्याला उबदार ठेवतो", असं अनेकांना शिकवलेलं असतं. प्रत्यक्षात ऊब राखतात ते निओप्रीनच्या फोममध्ये अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२ च्या सुमारास वेटसूटची कल्पना मांडली तिच्या मुळाशी हाच विचार होता. कापडातच हवा कोंडलेली असेल, तर अंग कोरडं राहायलाच हवं असं नाही.

पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. निओप्रीनचा फोम मात्र पाण्याच्या दहा-बारा पट कमी उष्णता जाऊ देतो. आतलं पाणी थोडं असेल आणि जागचं हललं नाही, तर ते नुसतं तिथे असतं, फारसं बिघडवत नाही. पण ते बाहेर गेलं आणि त्याच्या जागी नवं आलं, तर?

हिशेब करून बघा. एका डक डाइव्हमध्ये अर्धा लिटर १२ अंशांचं पाणी आत शिरलं. ते ३० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३८ किलोजूल उष्णता लागते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता निर्माण करतो. म्हणजे त्या एका डुबकीने तुमच्या शरीराची सहा मिनिटांची सगळी कमाई नेली. पॅडल करताना शरीर याच्या कितीतरी पट उष्णता तयार करतं हे खरं, पण लाइन-अपपर्यंत, म्हणजे लाटांची वाट बघत बसतात त्या जागेपर्यंत, पोचायला दहा-बारा डक डाइव्ह करावे लागले, तर तेवढ्या कामाची ऊबही पुरत नाही. एका मिलिमीटर जाडीने हे नुकसान भरून निघत नाही.

थंडी कुठे आणि केव्हा सुरू होते?

पुढच्या वेळी पाण्यात उतराल तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: पहिला गारवा शरीराच्या कुठल्या भागात आला आणि किती मिनिटांनी. निम्मं निदान तिथेच होतं.

डक डाइव्ह करताना मानेतून पाठीवर थंड धार जात असेल, तर दोष गळ्याचा. आधी साध्या गोष्टी बघा. लांब केसांची एखादी बट कॉलरखाली अडकली असेल, तर तिच्या बाजूने पाण्याला वाट मिळते. आत घातलेल्या रॅश गार्डची (अंगाला बसणाऱ्या पातळ बनियनची) कॉलर वर डोकावत असेल, तर ती वातीसारखी पाणी आत ओढते. ती पूर्ण आत दाबा किंवा रॅश गार्ड काढून टाका. पाठीवर झिप असलेल्या सूटमध्ये झिपच्या आत एक पडदा असतो, तो दुमडला गेला तर झिपचे दात उघडे पडतात आणि तिथून पाणी सरळ आत येतं. झिप लावताना हा पडदा सपाट करून घ्यावा, आणि ते काम दुसऱ्याकडून करून घेतलेलं बरं. एवढं करूनही धार थांबत नसेल, तर गळा मोठा आहे आणि त्याला इलाज नाही. छातीवर झिप असलेल्या सूटला ही तक्रार कमी असते, कारण पाठ अखंड राहते आणि डोक्यावरून ओढलेली कॉलर मानेला सगळीकडून बिलगते. थंड पाण्यात नेहमी उतरणाऱ्याने छातीच्या झिपचाच सूट घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. घालायला-काढायला सुरुवातीला जड जातं, आठवडाभरात सवय होते.

कमरेच्या वरच्या खळग्यात गारवा साचत असेल, तर सूट तिथे सैल आहे. बसल्यावर तिथे पाण्याची पिशवी होते आणि उठून पॅडल मारायला लागलं की ती पिळली जाते, पुन्हा भरते. सूट कोरडा असताना, झिप पूर्ण लावून, या ठिकाणी चिमूट काढून बघा. काखेत, जांघेत आणि गुडघ्यामागेही तसंच बघा. कापड अंगापासून सहज सुटून बोटांत आलं, तर तिथे पाणी साचणार. कोरडा सूट जरा जास्तच घट्ट वाटायला हवा, कारण ओला झाला की तो थोडा सैलावतो. पण दीर्घ श्वास घेता आला पाहिजे आणि दोन्ही हात डोक्यावर नेता आले पाहिजेत.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. "खांद्यात आखडतो" म्हणून मोठा साइज घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा साइज बरोबरच असतो, घालण्याची पद्धत चुकलेली असते. पाय घालून झाल्यावर कापड मांड्यांवरून वर वर सरकवत जांघेपर्यंत पूर्ण भिडवलं नाही, तर तिथे राहिलेली दोन बोटांची पोकळी खांद्यांत ताण होऊन उमटते. घोट्यापासून सुरुवात करा, थोडं थोडं कापड बोटांच्या पेरांनी धरून वर न्या, जांघ भरली की मगच हात घाला. नखं लावू नका. निओप्रीनवर दिसणारे चंद्रकोरीच्या आकाराचे छोटे काप बहुधा नखांचेच असतात. पाय अडकत असेल, तर पावलावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून घाला, सरकन जातो.

एवढं करूनही धड लांब पडत असेल, तर साइजच्या तक्त्यात एम, एल यांच्या पुढे टी किंवा एस लावलेले उंच आणि बुटक्या अंगासाठीचे साइज असतात, ते बघा. उंच, सडपातळ माणसाने एमऐवजी एल घेतला की लांबी पुरते पण कंबर सैल पडते. त्याला खरं तर एमटी हवा असतो.

मनगटातून किंवा घोट्यातून पाणी येत असेल, तर मिटवायला सगळ्यात सोपा त्रास हा. घड्याळ बाहीच्या आत घालू नका, त्याच्या कडेने फट राहते. बुटांच्या बाबतीत एक नियम पाळा: सूटचा पाय बुटाच्या वरून आला पाहिजे. बूट वरून चढवला, तर प्रत्येक लाटेत त्याची बादली होते. हातमोज्यांची कडही तशीच बाहीच्या आत घालावी.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान आणि मग हळूहळू सगळीकडूनच थंडी, असं होत असेल, तर गळती मोठी नाही. अशा वेळी शिवणी, सूटचं वय, वारा किंवा खरोखरच जाडी, यांपैकी काहीतरी कमी पडत आहे. आणि पाण्यात पाऊल टाकल्या क्षणापासून थंडी वाजत असेल, तर बहुधा तुम्ही ज्या आकड्यावर विसंबून उतरलात तो आकडाच चुकलेला आहे.

तापमानाचा आकडा कुठून आला?

"या महिन्यात इथलं पाणी १६ अंश" हे वाक्य म्हणजे अनेक वर्षांची सरासरी असते. तुम्ही मात्र आजच्या पाण्यात उतरणार आहात.

पहिला चकवा ऋतूचा. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. हवेच्या मागे तो महिना-दोन महिने रेंगाळतो. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर सगळ्यात थंड पाणी डिसेंबरात नसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, ९-१० अंशांच्या आसपास. सगळ्यात उबदार पाणी मिळतं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, १६-१७ अंश. त्यामुळे वसंतातला पहिला लख्ख उन्हाचा दिवस फसवा असतो. किनाऱ्यावर लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात आणि पाणी वर्षातल्या नीचांकाला असतं. उलट शरदात हवा बोचरी असते, पण पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. हवेकडे बघून सूट निवडणारा दोन्ही वेळा चुकतो.

दुसरा चकवा याहून मोठा, तो वाऱ्याचा. किनाऱ्याला समांतर वारा जोरात वाहत राहिला, की पृथ्वीच्या फिरण्यामुळे पृष्ठभागाचं पाणी वाऱ्याच्या दिशेला कोन करून सरकतं. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. ही बाजू खोल समुद्राकडची असेल, तर वरचं कोमट पाणी आत ढकललं जातं आणि त्याची जागा घ्यायला तळातलं गार पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. एक-दोन दिवसांच्या वाऱ्यात तापमान कित्येक अंशांनी उतरू शकतं. उत्तर कॅलिफोर्नियात हे वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सगळ्यात जोरात चालतं, म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या बाहेर पाणी सर्वांत उबदार मिळतं ते थेट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. केपटाउनच्या अटलांटिक बाजूला भर उन्हाळ्यात आग्नेय वारा सुटला, की पाणी १०-१२ अंशांवर येतं, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला फॉल्स बेमध्ये ते कितीतरी उबदार असतं. पोर्तुगालचा उन्हाळी उत्तर वारा, पेरू-चिलीचा हंबोल्ट प्रवाह, नामिबियाजवळचा बेंग्वेला, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. अशा किनाऱ्यांवर मागच्या तीन दिवसांचा वारा बघितल्याशिवाय सूट निवडू नये.

तिसरं, मोजतं कोण? उपग्रह अवरक्त किरणांनी पाण्याच्या अगदी वरच्या, केसापेक्षाही पातळ थराचं तापमान टिपतो, आणि ढग आले की त्याला काही दिसत नाही. शिवाय बऱ्याच संकेतस्थळांवरचा आकडा काही किलोमीटरच्या चौकटीचा असतो. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान संस्थेची रोजच्या तापमानाची एक प्रसिद्ध मालिका पाव अंशाच्या जाळीवर आहे, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरची एक चौकट. लाट फुटते तो शंभर मीटरचा पट्टा त्यात कुठे दिसणार? समुद्रात नांगरलेला बोया, म्हणजे उपकरणं लावलेला तरंगता पिंप, प्रत्यक्ष पाण्यात साधारण मीटरभर खोलीवर मोजतो, म्हणून त्याच्यावर जास्त भरवसा ठेवावा, पण तो किनाऱ्यापासून लांब असेल तर तिथलं पाणी वेगळं असू शकतं. नदीच्या मुखाजवळ वितळलेल्या बर्फाचं पाणी येत असेल, तर आणखी निराळं.

यावर साधा उपाय आहे. मांडीइतक्या पाण्यात उभं राहून, दोरीला बांधलेला छोटा थर्मामीटर दोन मिनिटं बुडवून धरा. मी गेली काही वर्षं हेच करतो. पडद्यावरचा आकडा आणि हातातला आकडा यांच्यात दोन अंशांचा फरक मला अनेकदा दिसला आहे, आणि सूटच्या निवडीत दोन अंश म्हणजे अख्खी पायरी. जाता जाता: आकडा फॅरनहाइटमध्ये तर नाही ना, हेही बघा. ६० फॅरनहाइट म्हणजे जेमतेम साडेपंधरा सेल्सियस.

आता जाडी

४/३ म्हणजे धडाला ४ मिलिमीटर, हातापायांना ३. आकडे तीन असतील, जसं ५/४/३, तर धड, पाय आणि हात असा क्रम. अंगाला बरोबर बसणारा, शाबूत शिवणींचा सूट आणि मध्यम वारा धरून माझा अंदाज असा:

२४ अंशांच्या वर: रॅश गार्ड पुरतो.
२१ ते २४: २ मिलिमीटरचा आखूड सूट किंवा नुसतं जॅकेट.
१८ ते २१: पूर्ण बाह्यांचा ३/२.
१४ ते १८: वरच्या टोकाला चांगला ३/२, खालच्या टोकाला ४/३.
११ ते १४: ४/३, पायांत ३ मिलिमीटरचे बूट, वारा असेल तर टोपीही.
८ ते ११: टोपी जोडलेला ५/४, ५ मिलिमीटरचे बूट, हातमोजे.
८ च्या खाली: ६/५, ७ मिलिमीटरचे बूट, जाड हातमोजे, आणि वेळ मोजून सर्फिंग.

सीमेवर असाल तर? तुम्ही सतत पॅडल करणारे असाल, अंगाने भरलेले असाल, पाऊण तासात बाहेर येत असाल, तर पातळ घ्या. बराच वेळ बसून राहणारे, शिडशिडीत, नवशिके असाल, तर जाड. नवशिक्यांना हे कोणी सांगत नाही, पण शिकताना माणूस वारंवार पडतो, पूर्ण बुडतो आणि मधल्या वेळात उभा राहतो, त्यामुळे त्याला सरावलेल्या माणसापेक्षा जास्त थंडी वाजते.

जाडीइतकंच शिवणीकडे बघा. बाहेरून आणि आतून दोन्हीकडे टाक्यांची सपाट शिडी दिसत असेल, तर ती फ्लॅटलॉक शिवण. सुई आरपार गेलेली असते, प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपतं. १८ अंशांच्या वर ठीक, खाली नको. थंड पाण्यासाठी तुकडे आधी चिकटवून मग अर्ध्या जाडीतूनच सुई फिरवलेली शिवण हवी, तिला ब्लाइंडस्टिच म्हणतात. आतून पट्टी किंवा रबराचा थर दिलेला असेल तर उत्तम. चिकटवलेल्या शिवणीचा ३/२ हा फ्लॅटलॉकच्या ४/३ पेक्षा उबदार निघतो, हे मी दोन्ही घालून अनुभवलं आहे.

वारा

पाण्यात असताना बरं, लाटेची वाट बघत बोर्डवर बसलं की काकडायला होतं, ही तक्रार असेल, तर चोर वारा आहे. सूटच्या बाहेरचं नायलॉनचं अस्तर पाणी धरून ठेवतं आणि वारा ते सुकवत राहतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते, आणि ती काही हवेतून, काही तुमच्याकडून जाते. छाती-पाठीला गुळगुळीत रबरी पृष्ठभाग असलेला सूट इथे खूप फरक पाडतो, कारण त्यावरून पाणी ओघळून जातं. तो नाजूक असतो, नखाने आणि बोर्डच्या मेणातल्या वाळूने फाटतो, पण वाऱ्याच्या किनाऱ्यावर मी तोच निवडेन. जोराचा वारा असेल, तर वरच्या यादीत एक पायरी खाली उतरा, म्हणजे जाड सूट घ्या.

बोटं, पाय आणि डोकं

बोटं गार पडली की लोक हातमोजे शोधतात. पण धड थंड व्हायला लागलं की शरीर स्वतःच हातापायांचं रक्त आखडून घेतं, पोटातली ऊब वाचवायला. म्हणून आधी गळा आणि कंबर दुरुस्त करा, अनेकदा बोटं आपोआप सुधारतात. घट्ट बुटांनी रक्त अडलं तर जाड बुटातही पाय बधिर होतात, बुटात बोटं हलली पाहिजेत. फारच थंड पाण्यात पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा बोटं एकत्र ठेवणारे मोजे जास्त उबदार.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे खरं नाही. डोकं आपल्या आकारमानाच्या प्रमाणातच, शरीराच्या साधारण एक-दशांशाइतकीच उष्णता गमावतं. पण बाकी सगळं अंग झाकल्यावर उघडं राहिलेलं डोकं हीच मोठी खिडकी उरते. सूटला जोडलेल्या टोपीचा दुसरा फायदा त्याहून मोठा: ती गळ्याची वाट बंद करते. डक डाइव्हनंतर कपाळात भिनणारी कळही थांबते. कानांकडे मात्र थंडी वाजत नसली तरी लक्ष द्या. वर्षानुवर्षं थंड पाणी आणि वारा कानात गेला, की कानाच्या नळीत हाडाची वाढ होऊन ती अरुंद होते. याला सर्फरचा कान म्हणतात. वाढ झाल्यावर उपाय शस्त्रक्रियेचा, आधी उपाय कानातल्या साध्या बोळ्यांचा.

"गेल्या वर्षी पुरत होता, यंदा पुरत नाही"

सूट म्हातारा झाला. वाकून वाकून फोममधले बुडबुडे चेपतात, ऊन रबर कडक करतं. अंगठ्याने छातीवर दाबून बघा: नवं निओप्रीन लगेच फुगून वर येतं, जुन्यावर खूण राहते. काख, गुडघा आणि बसण्याची जागा आधी जाते. चेपलेल्या सूटला औषध नाही.

गळती मात्र दुरुस्त होते. बाहीचं तोंड घट्ट पिळून धरा, दुसऱ्या बाजूने हवा कोंडा आणि शिवणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे जिथून येतील तिथे भोक. सूट पूर्ण वाळवा, निओप्रीनचा डिंक फाटीच्या दोन्ही कडांना पातळ लावा, सुकू द्या, पुन्हा एक हात द्या, चिकट झाल्यावर कडा एकमेकींवर दाबा आणि दिवसभर हात लावू नका. सुईदोऱ्याने आरपार शिवू नका, एक भोक बुजवायला वीस नवी भोकं पडतात.

आयुष्य वाढवायचं तर प्रत्येक वेळी थंड गोड्या पाण्यात विसळा, उलटा करून सावलीत, कमरेत दुमडून वाळत टाका. खांद्यावर टांगलात तर पाण्याच्या वजनाने खांदे ताणून पातळ होतात. गरम पाणी, वॉशिंग मशीन, उन्हात बंद गाडीची डिकी, तिन्ही टाळा. दिवसातून दोनदा उतरत असाल आणि दुसऱ्या वेळी जास्त थंडी वाजत असेल, तर ओलं अस्तरच त्याला कारण आहे. शक्य असेल तर दुसरा कोरडा सूट ठेवा.

सूट ठीक आहे, तरीही

झोप अपुरी, पोट रिकामं, आदल्या दिवसाचा थकवा: तोच सूट, तेच पाणी, आणि थंडी दुप्पट. उतरण्याआधी घाम न येईल इतपत अंग तापवा, किनाऱ्यावर वाऱ्यात कुडकुडत बोलत उभं राहू नका.

१५ अंशांच्या खालच्या पाण्यात अचानक बुडालं, तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो. म्हणून लगेच लाटेखाली शिरू नका. तोंडावर, मानेवर पाणी घ्या, श्वास ताब्यात येऊ द्या. आणि पाण्यात असताना दर दहा मिनिटांनी अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल तर ती लाट शेवटची. कापरं थांबता थांबत नसेल, जीभ जड होत असेल, साध्या गोष्टी सुचत नसतील, तर शरीराचं आतलं तापमान घसरत आहे. काकडणं थांबलं आणि माणूस गुंगत असेल, तर ती तातडीची वेळ. त्याला आडवं करून ओलं काढा, कोरडं गुंडाळा, मदत बोलवा. चोळू नका, दारू देऊ नका. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तरच गरम गोड काहीतरी द्या.

बाहेर आल्यावरही काही मिनिटं शरीर आतून गार होत राहतं, कारण आतली उष्णता थंड पडलेल्या हातापायांकडे आणि कातडीकडे जात राहते. म्हणून आधी डोकं आणि छाती कोरडी करा, लोकरी टोपी घाला, मग सूटचे पाय सोलत बसा. कापऱ्या हातांनी लगेच गाडी चालवू नका.

मी बोर्डच्या पिशवीत एक छोटी वही ठेवतो. कपडे बदलून झाले की चार गोष्टी लिहितो: मोजलेलं तापमान, वारा, अंगावर काय होतं, पहिला गारवा कुठे आणि किती मिनिटांनी. तिच्यातली एक ओळ अशी आहे: "१२.५ अंश, वारा जोरात, ४/३ छातीची झिप, बूट, टोपी नाही. मान, १५ मिनिटं." तिच्या खालची, दोन दिवसांनंतरची: "१२ अंश, वारा तसाच, तोच सूट, टोपी. उजवं पाऊल, ७० मिनिटं." सूट बदलला नव्हता, पाणी अर्ध्या अंशाने थंडच होतं. पुढच्या ओळीत उजव्या बुटाच्या शिवणीचा नंबर लागला.